कोर्टात पहिल्यांदा जाताय? पक्षकारानं कसं वागावं, काय टाळावं

माहेरच्या जमिनीच्या वाटणीचा दावा लावला तेव्हा कोर्टाबद्दल मला ठाऊक होतं ते सगळं सिनेमातलं. हातोडा, गीतेवर हात, 'ऑर्डर ऑर्डर' आणि एकाच दिवसात निकाल. यातलं काहीही तालुक्याच्या कोर्टात होत नाही. वकील कायद्याची बाजू सांभाळतात, पण कुठं बसायचं, कधी उठायचं, कधी तोंड उघडायचं आणि मुख्य म्हणजे कधी मिटून घ्यायचं, हे ते सहसा सांगत नाहीत. त्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की दुसऱ्याला ते सांगावं लागतं हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

हा लेख मुख्यतः दिवाणी दाव्यातल्या पक्षकारासाठी आहे, मग तुम्ही वादी असा की प्रतिवादी. कोर्टातली शिस्त म्हणजे हात जोडून, मान खाली घालून उभं राहणं नव्हे. तुमच्या वागण्यामुळे तुमचंच काम अडू नये आणि समोरच्या वकिलाच्या हाती फुकटचा मुद्दा लागू नये, एवढाच तिचा हिशेब. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं वाचा.

१. घरातून निघण्याआधी

आधी आपल्या दाव्याचं नाव आणि नंबर पाठ करा. हे हसण्यावारी नेऊ नका. शिपाई पुकारा करतो तो दाव्याच्या शीर्षकातल्या पहिल्या नावानं. वाटणीच्या दाव्यात आठ-दहा जण सहज असतात. तुम्ही वादी क्रमांक तीन असाल तर तुमचं नाव कुणीच पुकारणार नाही. आपलं नाव ऐकू येण्याची वाट बघत बाकावर बसून राहिलेली आणि दावा केव्हाच पुकारून झालेला, अशी माणसं मी पाहिली आहेत.

दाव्याचा नंबर कागदावर बहुधा 'रे. मु. नं.' (रेग्युलर मुकदमा नंबर) असा लिहिलेला असतो. त्याखेरीज प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख, कामाचा टप्पा आणि झालेले आदेश मोबाइलवर दिसतात. आदल्या संध्याकाळी ॲप बघा, पण त्यावर विसंबून घरी बसू नका. तारखेची खात्री वकिलांकडूनही करून घ्या.

पिशवीत एवढं हवं:

- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ प्रत. फाटकावर लागतं, शपथपत्र करतानाही लागतं.
- दाव्याची आणि कैफियतीची (म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) झेरॉक्स, स्वतःच्या खुणा केलेली.
- सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखत वगैरे कागदांच्या झेरॉक्स प्रती. मूळ कागद वकिलांनी मागितले तरच न्या, आणि दिले की काय काय दिलं त्याची सहीनिशी पोच घ्या.
- एक वही. प्रत्येक तारखेला काय झालं, पुढची तारीख कोणती, कुणाला किती पैसे दिले, सगळं लिहा.
- निळं किंवा काळं पेन, चष्मा, पाणी, औषधं.

चष्मा मुद्दाम लिहिला आहे. 'घरी राहिला' म्हणून न वाचता सह्या करणारे फार.

२. कपडे आणि वेळ

पक्षकाराला गणवेश नाही. स्वच्छ, साधे, अंगभर कपडे पुरे. पांढरा शर्ट आणि वर काळा कोट एवढं मात्र टाळा, तो वकिलांचा पोशाख आहे. नवी कोरी पैठणी आणि अंगभर दागिने घालून 'माझी परिस्थिती हलाखीची आहे' असं सांगायला उभं राहू नका. न्यायाधीश कपड्यांवरून निकाल देत नाहीत हे खरं, पण समोरचे वकील उलटतपासणीत त्यावर प्रश्न घालू शकतात.

कोर्ट साधारण सकाळी अकराच्या सुमाराला बसतं आणि दोनच्या आसपास जेवणाची सुट्टी होते. वेळा जागोजागी थोड्या बदलतात. अर्धा तास आधी पोचा. दाराशी किंवा नोटीस फलकावर त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, लावलेली असते. त्यात आपला क्रमांक शोधा आणि वकिलांना आल्याचं कळवा. साहेब रजेवर असतील तर तेही इथंच कळतं. मग बहुधा नुसती पुढची तारीख मिळते. चिडचिड करून उपयोग नाही, ती तारीख नीट लिहून घ्या.

३. कोर्टहॉलमध्ये पाय ठेवल्यावर

फोन बंद करा. सायलेंटवर ठेवला तरी तो बाकावर घरघरतो. परवानगीशिवाय फोटो, व्हिडिओ, ध्वनिमुद्रण यातलं काहीही करायचं नाही, आणि आत काय चाललंय ते भावाला ऐकवण्यासाठी फोन चालू ठेवून खिशात टाकायचा नाही.

न्यायाधीश आत आले की सगळे उठतात, तुम्हीही उठा. ते बसले की बसा. तुम्ही मधेच आत गेलात किंवा बाहेर पडलात तर दाराशी किंचित मान लववा. वाकून नमस्काराची गरज नाही. पुढच्या खुर्च्या वकिलांच्या, आपण मागच्या बाकांवर.

तोंडात तंबाखू, गुटखा, च्युइंगगम काही नको. पायावर पाय टाकून बसू नये असा लेखी नियम मी कुठं वाचलेला नाही, पण शिपाई येऊन टोकतोच, तेव्हा आधीच पाय खाली ठेवा. लहान मुलाला शक्यतो घरी ठेवा. आणावंच लागलं तर कुणीतरी सोबत घ्या, म्हणजे रडू लागलं की बाहेर नेता येईल.

दुसऱ्यांची प्रकरणं चालू असताना कुजबुज, हसणं, माना डोलावणं नको. त्यापेक्षा नीट ऐका. पहिल्या दोन-तीन तारखांना मागे बसून दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या तर कुणाच्याही सल्ल्यापेक्षा जास्त कळतं. कोर्टाचं कामकाज सर्वसाधारणपणे सर्वांना खुलं असतं. अपवाद बंद दाराआड चालणाऱ्या प्रकरणांचा, तिथं शिपाई बाहेर थांबायला सांगतो.

न्यायाधीशांचा जाणूनबुजून अपमान करणं किंवा चालू कामात व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सहसा गोष्टी या थराला जात नाहीत, आधी ताकीद मिळते. पण रागाच्या भरात ओरडणाऱ्याला ही तरतूद ठाऊक असलेली बरी.

४. पुकारा झाला की

नाव ऐकलं की पुढं व्हा आणि वकिलांच्या मागे किंवा बाजूला, दिसाल असे उभे राहा. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले असतील तर घाबरून गप्प राहू नका. 'साहेब, मी वादी क्रमांक तीन, हजर आहे. माझे वकील वरच्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा,' एवढं म्हणा. बहुतेक वेळा प्रकरण मागे ठेवलं जातं आणि नंतर पुन्हा पुकारतात. त्या मधल्या वेळेत चहाला जायचं असेल तर वकिलांना किंवा त्यांच्या ज्युनिअरला सांगून जा.

५. न्यायाधीशांशी बोलताना

वकील असताना आपण बोलायचं नाही. न्यायाधीशांनी थेट तुम्हाला विचारलं तरच बोला. 'मिलॉर्ड'ची गरज नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलांसाठीसुद्धा खालच्या कोर्टात 'सर' किंवा प्रादेशिक भाषेतला तसाच शब्द पुरेसा मानला आहे. आपल्याकडे 'साहेब' आणि 'मॅडम' चालतं. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच नको. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे.

विचारलं तेवढंच सांगा. 'तडजोडीची शक्यता आहे का?' या प्रश्नाला आजोबांच्या काळापासूनचा इतिहास हे उत्तर नव्हे. न्यायाधीश बोलत असताना मधे बोलू नका. समोरचे वकील धडधडीत खोटं बोलताहेत असं वाटलं तरी तिथल्या तिथे 'खोटं आहे!' म्हणून ओरडू नका. वहीत लिहा, चिठ्ठी आपल्या वकिलांकडे सरकवा. रडू आलं तर येऊ द्या, थोडा वेळ मागा. पण रडून मन वळवायला जाऊ नका, ते रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) लिहिलं जात नाही.

कोर्टाबाहेर न्यायाधीशांना भेटायला जाणं, पत्र लिहिणं, ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवणं, हे कधीच नाही. 'साहेबांशी माझी बैठक आहे, काम करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर तो तुमचे पैसे खाणार, एवढंच त्यातलं सत्य. नकलेसाठी, तारखेसाठी कुणी 'चहापाणी' मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. अधिकृत फी किती ते विचारा आणि पावती घ्या.

६. खरी परीक्षा व्हरांड्यात

आत सगळे शहाण्यासारखे वागतात. भांडणं होतात ती व्हरांड्यात, जिन्यात आणि चहाच्या टपरीवर. भावकीच्या दाव्यात तर समोरची माणसं म्हणजे आपलेच काका, दादा, वहिनी. त्यांना काय म्हणायचं, बघून न बघितल्यासारखं करायचं का, हा प्रश्न मला पहिल्याच तारखेला पडला. माझं मत सांगते: 'दादा, बरा आहेस ना?' म्हणायला काही हरकत नाही. नमस्कार केल्यानं हिस्सा कमी होत नाही. दाव्याबद्दल मात्र एक शब्दही नाही. विषय निघाला तर 'ते वकिलांशी बोल' म्हणून बाजूला व्हा. तिथं रागात बोललेलं वाक्य पुढं उलटतपासणीत तुमच्याच समोर येऊ शकतं, आणि हातघाईवर आलात तर दिवाणी दाव्याला फौजदारीची जोड मिळते.

बायकांसाठी इथं खास धोका आहे. 'ताई, कशाला या फेऱ्या? इथं एक सही कर, तुला काय ते देऊ,' असं अगदी मायेनं सांगितलं जातं. कागद हक्कसोडपत्राचा मसुदा असेल तर तो पुढं नोंदणी कार्यालयात नेल्याशिवाय पुरा होत नाही, तेवढा तरी श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण कागद 'तडजोड पुरसीस', म्हणजे तडजोड झाल्याचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, असेल तर गोष्ट वेगळी. ती कोर्टात दाखल झाली, तुम्ही न्यायाधीशांसमोर 'कबूल आहे' म्हणालात, की तिच्या आधारे हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होतो, आणि संमतीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. लोक-अदालतीतल्या निवाड्याचंही तसंच, तोही अंतिम. तडजोड वाईट असं मी म्हणत नाही. वाटणीच्या दाव्यांत बरेचदा तीच शहाणपणाची. पण पुरसीस घरी न्या, गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा, आणि मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही कुणाच्याच सांगण्यावरून नाही, स्वतःच्या वकिलांच्याही नाही.

वकील परवडत नाहीत म्हणून एकट्यानं झुंजू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००.

७. साक्ष आणि उलटतपास

सर्वांत जास्त तयारी इथं करा. दिवाणी दाव्यात तुमची सरतपासणी (आपल्या बाजूनं दिलेली मूळ साक्ष) शपथपत्रावर होते, म्हणजे तुमचं म्हणणं आधीच टाइप करून दिलं जातं. तुम्ही प्रत्यक्ष बोलता ते मुख्यतः उलटतपासणीत. ते शपथपत्र सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा किंवा वाचून घ्या. 'शपथपत्रात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं होतं का?' हा पहिल्या काही प्रश्नांत हमखास येणारा प्रश्न आहे.

शपथेसाठी गीता लागत नाही. ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यानं प्रतिज्ञा करा, दोन्ही चालतं. पिंजऱ्यात उभं राहवत नसेल, वय झालं असेल, गरोदर असाल, तर खुर्ची मागा. सहसा मिळते.

आता उत्तरं देण्याबद्दल.

प्रश्न समोरचे वकील विचारतात, पण उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या. मान हलवू नका, स्टेनोला मान टाइप करता येत नाही. 'हो', 'नाही' तोंडानं म्हणा, सावकाश म्हणा. प्रश्न पुरा होईपर्यंत थांबा. कळला नाही तर 'प्रश्न समजला नाही, पुन्हा विचारा' असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्या वकिलांच्या तोंडाकडे बघू नका. ते खुणा करणार नाहीत, आणि केल्याच तर समोरचे वकील लगेच कोर्टाच्या नजरेला आणतील.

जोडप्रश्नांपासून सावध. उदाहरणार्थ: 'तुमच्या लग्नाचा खर्च वडिलांनी केला आणि म्हणून तुम्ही हिस्सा सोडला, हे खरं ना?' यात दोन प्रश्न आहेत. खर्च केला हे खरं, हिस्सा सोडला हे खोटं. नुसतं 'हो' म्हणालात तर दोन्ही कबूल केल्यासारखं होतं. तोडून सांगा. मग जबानीत ते 'हे म्हणणे खरे आहे की…' आणि 'हे म्हणणे खोटे आहे की…' अशा दोन वेगळ्या वाक्यांत उतरतं.

'माहीत नाही', 'आठवत नाही' आणि 'खोटं आहे' ही तीन वेगळी उत्तरं आहेत. जे खरोखर आठवत नाही तिथं दुसरं वापरा. पण स्वतःच्या जमिनीचा गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा यांना 'आठवत नाही' म्हणणं शोभत नाही, ते पाठ करून जा. चतुःसीमेवर अडखळणारे वादी मी बरेच ऐकले.

समोरचे वकील डिवचतील. ते त्यांचं काम आहे, तुमच्याशी वैर नाही. उलट प्रश्न विचारू नका, टोमणा मारू नका. फारच घाणेरडा किंवा अपमानास्पद प्रश्न आला तर न्यायाधीश तो थांबवू शकतात. तुमचे वकील हरकत घेताहेत असं दिसलं की उत्तर देण्याआधी थांबा. आणि हे लक्षात असू द्या की साक्षीदाराच्या हावभावाबद्दल शेरा लिहून ठेवायची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेनं न्यायाधीशांना दिली आहे. थयथयाट केलात तर तोही कागदावर येऊ शकतो.

खोटं बोलू नका. न्यायिक कामकाजात जाणूनबुजून खोटा पुरावा देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती प्रत्येकाला होते असं नाही. पण एक खोटं पकडलं गेलं की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोर्टाचा भरवसा उरत नाही, आणि तसं बरेचदा होतं.

उलटतपास अर्धा राहून तारीख पडली तर मधल्या काळात साक्षीबद्दल वकिलांशी किंवा घरच्यांशी चर्चा करू नका. पुढच्या तारखेला तेही विचारतात. साक्ष संपली की जबानी वाचून दाखवली जाते किंवा वाचायला मिळते. दमलेले असाल तरी वाचा. चूक उतरली असेल तर सही करण्याआधी सांगा, नंतरची तक्रार सहसा कुणी मानत नाही.

८. येणं शक्य नसेल तर

न सांगता दांडी मारू नका. तारखेआधी वकिलांना कळवा, आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला द्या, मुदतीचा अर्ज त्यांना करू द्या. कायद्यात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळतात हे सगळे जाणतात, पण खर्चाचा बोजा बसतो, आणि कधीतरी साहेब तीनवरच थांबतात.

वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल तर दावा निकाली निघू, म्हणजे फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादी समन्स मिळूनही आला नाही तर दावा एकतर्फी चालतो. निकाली निघालेला दावा पुन्हा बोर्डावर आणण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. प्रतिवादीनं आणखी एक आकडा लक्षात ठेवावा: समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला ३० दिवस, कोर्टानं कारण पाहून वाढवले तर ९०. बेलिफ समन्स घेऊन आला की दार लावून घेणं ही युक्ती नव्हे. दारावर समन्स चिकटवून बजावणी होऊ शकते, आणि मुदत तिथून धावू लागते.

९. ऑनलाइन हजेरी असेल तर

नियम तेच, फक्त कोर्ट मोबाइलमध्ये. शांत खोली, नीट कपडे, स्क्रीनवर खरं नाव, पुकारा होईपर्यंत आवाज बंद. चालत्या गाडीतून, दुकानातून, चहा पीत हजर राहू नका. रेकॉर्डिंग इथंही नाही.

१०. निकालाच्या दिवशी

निकाल बहुधा दोन-चार वाक्यांत सांगितला जातो: दावा मंजूर, अंशतः मंजूर किंवा नामंजूर. कारणं सगळी निकालपत्रात असतात. बाजूनं लागला तर आत टाळ्या, पेढे, जयजयकार नको. विरुद्ध गेला तर न्यायाधीशांना जाब विचारू नका आणि संध्याकाळी फेसबुकवर त्यांच्या नावानं काही लिहू नका. निकालावर सभ्य टीका करता येते. न्यायाधीशांवर हेतू चिकटवलात तर मात्र अवमानाचं प्रकरण ओढवू शकतं, आणि १९७१ च्या कायद्यात त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

त्या दिवशी करायचं काम एकच, नकलेचा अर्ज. दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण ते मोजले जातात तुम्ही अर्ज टाकल्यापासून. अर्ज आठवडाभर उशिरा टाकलात तर तो आठवडा तुमच्या तीस दिवसांतूनच जातो. म्हणून घरी निरोप नंतर कळवा, आधी नक्कल विभागाच्या खिडकीत जा, अर्जावर शिक्का मारून घ्या आणि त्याची तारीख वहीत लिहा.